घराण्याची कडी

एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात घोडे पुष्कळ होते आणि घोड्यांना अक्कल शिकवणारे त्याहून जास्त होते. घाट चढून पलीकडच्या बाजारपेठेत जाणाऱ्या वाटसरूंना घोड्यावर बसवून न्यायचं, हाच गावाचा धंदा. घाटात कोणी फेरी करायची, कोणी नाही, हे गावातली जाणती मंडळी ठरवत. त्यांना जाणते का म्हणायचं, हे कोणी विचारत नसे. केस पांढरे झाले की माणूस त्या गावात जाणता होई.

या गावाची एक रीत होती. लगामाला जी लोखंडी कडी असते, जी घोड्याच्या तोंडात जिभेवर बसते, ती कडी प्रत्येक घरात पणजोबाच्या काळापासून एकच होती. घोडे म्हातारे होत, मरत, नवे येत. कडी तीच. ती देवघरात टांगलेली असे, दसऱ्याला तिला हळदकुंकू लागे. नवीन घोडा आला की त्याचं तोंड केवढं, जबडा केवढा, हे बघायचंच नाही. घराण्याची कडी काढायची आणि कोंबायची. आखूड असली तर गालफडात रुते, रुंद असली तर टाळूवर आपटे. घोड्याच्या तोंडाला लाल फेस आला की जाणते मान डोलावत आणि म्हणत, "वा! रंग चढला."

रंग म्हणे. रक्ताला रंग म्हणणारी माणसं ही.

त्या गावात हौसा नावाची एक तरणी मुलगी होती. तिचा बाप आदल्या वर्षी वारला आणि मागे दोघी ठेवून गेला, हौसाची आई आणि बोराच्या रंगाची एक ठेंगणी बोरी घोडी. घाटातली फेरी आता हौसाच करी. तिच्या घरची कडी होती पणजोबाच्या धिप्पाड घोड्याच्या मापाची. ती त्या ठेंगण्या घोडीच्या तोंडात घातली की घोडी जीभ बाहेर काढून उभी राही आणि डोळे पांढरे करी. एकदा फेरीवरून आल्यावर हौसाने तिचं तोंड उघडून पाहिलं, तर जिभेवर आडवी चीर पडली होती. घोडी दाणा तोंडात घेई आणि तसाच खाली टाकी.

हौसा गावातल्या सगळ्यात थोर जाणत्याकडे गेली. त्यांना सगळे थोरले काका म्हणत.

"काका, कडी वितळवून लहान करून घेऊ का?"

काकांनी कानावर हात ठेवले. "पणजोबांची कडी वितळवतेस? उद्या देव वितळवशील!"

"पण जीभ कापलीय तिची."

"जीभ कापते म्हणून तर ऐकते ती! सवय होईल. आमच्या घोड्यांना नाही झाली?"

हौसा घरी आली. तिने कातड्याच्या पट्ट्या घेतल्या आणि एक म्होरकी शिवली. एक पट्टा कानांमागून, एक नाकावरून, दोन्ही बाजूंना हातात धरायच्या वाद्या. तोंडात काही नाही. जिथे पट्टा नाकाला लागे तिथे तिने आतून मऊ लोकर लावली. मग ती घोडीला घेऊन ओढ्याकाठी गेली. नाकावर जरासा दाब दिला, "होऽ" म्हणाली, आणि घोडी थांबली की लगेच दाब सोडला. पुन्हा तेच. घोडीला यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं. थांबलं की दाब सुटतो, एवढंच. जाणत्यांना मात्र हे शेवटपर्यंत समजलं नाही.

हौसा म्होरकीवर घाटात फेऱ्या करू लागली आणि गावात बोंब झाली. जाणते पारावर जमले. हौसाला बोलावलं.

"तोंडात लोखंड नाही, मग घोडी थांबणार कशाने?" थोरल्या काकांनी विचारलं.

"सांगितल्याने," हौसा म्हणाली.

सगळे हसले. एकाने मांडीवर थाप मारली. "घोडीला सांगते म्हणे! अगं, आमच्या घरातली पोरं सांगून ऐकत नाहीत!"

"तुम्ही सांगता कुठे? तुम्ही ओरडता."

हसू थांबलं. थोरले काका लाल झाले आणि त्यांनी निकाल दिला. "दसऱ्याला टेकडीवरून उतारावर घोडी चौखूर सोडायची आणि कड्याआधीच्या चुन्याच्या रेषेवर थांबवायची. थांबली तर ठेव तुझी ती म्होरकी. नाही थांबली, किंवा तू आलीच नाहीस, तर घोडी माझ्या तबेल्यात येईल. मग तिच्या तोंडात काय घालायचं ते मी बघतो."

हौसाने घरी येऊन आईला सांगितलं. आई घाबरली. बिचारी आयुष्यभर जाणत्यांना घाबरत आली होती. तिने देवघरातली कडी काढून पदराने पुसली. "हौसे, त्या एका दिवसापुरती घाल गं. दाखवण्यापुरती. त्यांचं मन राहील, घोडी आपल्याकडे राहील. नंतर कर तुला हवं ते."

"आई, दुखायचं ते घोडीला दाखवण्यापुरतं दुखणार आहे का?"

 आईने कडी पुन्हा टांगली.

दसरा उजाडला. आपट्याची पानं वाटून झाली आणि सगळं गाव टेकडीच्या उतारावर गोळा झालं. खाली चुन्याची पांढरी रेषा, रेषेपलीकडे निवडुंगाचं जाळं, आणि त्यापलीकडे दरी.

"आधी मी दाखवतो," थोरले काका म्हणाले. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांचा पांढरा घोडा उंचापुरा होता, पण त्यांच्या घरची कडी होती कुठल्याशा चिमुकल्या तट्टाची. ती त्याच्या गालफडात इतकी घट्ट बसली होती की तोंडाचे कोपरे दुमडून आत गेले होते.

घोडा सुटला. निम्म्या उतारावर काकांनी लगाम ओढला. कडी जिभेत रुतली तसा घोड्याने मान वर केली, पार आभाळाकडे. काकांनी आणखी ओढलं, घोड्याने आणखी मान वर केली. आता मान आभाळाकडे असलेल्या घोड्याला पायाखालची जमीन कुठून दिसणार? रेषा आली आणि गेली. घोडा निवडुंगातून घसरत गेला, गर्रकन फिरला. काका उडून काट्यांत पडले आणि घोडा कड्याच्या टोकावर उभा राहिला. तोंड गावाकडे, पाठ दरीकडे, अंग थरथरतंय.

काका काटे झटकत उठले. लगाम हातात घेतला आणि समोरून ओढू लागले. "ये! ये म्हणतो ना!"

घोडा मागे सरकला. तोंडात आग लागल्यावर कोणीही मागेच सरकेल. मागच्या खुराखालचे दगड सुटून दरीत गेले.

हौसा धावली. "काका, ओढू नका! ओढाल तेवढा तो मागे जाईल. कडी काढा तोंडातली. मोकळा झाला की स्वतः पुढे येईल."

"दसऱ्याच्या दिवशी, सगळ्या गावासमोर, मी घराण्याची कडी काढू?"

"घोडा जाईल!"

"माझा घोडा आहे. त्याला माझी कडी कळते."

हौसा पुढे होऊ लागली तशी दोन जाणत्यांनी तिचे दंड धरले. "थोरल्यांच्या घोड्याला हात लावायचा नाही." उरलेले काकांच्या मदतीला धावले. आणि मदत कसली केली? त्यांनीही लगामच धरला. सगळे मिळून ओढू लागले. घोड्याने पुन्हा मान वर फेकली, एक पाऊल मागे टाकलं, आणि तिथे जमीन नव्हती. लगाम सगळ्यांच्या हातांतून सळकन निघून गेला.

 मग काही जण ओढ्याच्या वाटेने दरीत उतरले. वर आले तेव्हा त्यांच्या हातात फक्त कडी होती. एकाने ती धोतराला पुसून काकांसमोर धरली आणि म्हणाला, "काका, साधा ओरखडासुद्धा नाही!"

आणि जाणत्यांनी मान डोलावली. खरंच डोलावली.

"घोडा अशुभ होता," थोरले काका म्हणाले. "चला, मुहूर्त टळतोय. हिची पाळी."

 हौसा गेली नसती तर घोडी त्याच तबेल्यात, त्याच हातांत गेली असती. तिने घोडीच्या मानेवर हात ठेवला. दोघींचा श्वास जरा बसेपर्यंत ती नुसती उभी राहिली. कोणीतरी ओरडलं, "घाबरली का गं?"

"हो," हौसा म्हणाली आणि वर बसली.

घोडी सुटली, चौखूर. उताराच्या निम्म्यावर हौसा खोगिरात मागे रेलली, वाद्या अलगद धरल्या आणि म्हणाली, "होऽ". घोडीने मान खाली घेतली. उकरलेली माती, सुटलेले दगड, चुना, सगळं तिला दिसलं. तिने पावलं आखडली आणि रेषेच्या अलीकडे येऊन थांबली. हौसाने लगेच वाद्या सैल सोडल्या. घोडी फुरफुरली आणि रेषेवरचा चुना हुंगू लागली.

गाव ओरडणार होतं, पण सगळ्यांनी आधी काकांकडे पाहिलं.

काका रेषेपाशी गेले. वाकून पाहिलं. "रेषेवर थांबायचं ठरलं होतं. ही अलीकडेच थांबली. चालणार नाही."

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून थोरल्या काकू पुढे आल्या. संसारात त्या काकांपुढे कधी बोलल्या नव्हत्या. त्या पांढऱ्या घोड्याला रोज दाणा त्याच चारत.

"अहो, ती अलीकडे थांबली. तुमचा कुठे थांबला?"

 काका रेषेपासून मागे सरले. काकू हौसापाशी आल्या, म्होरकीच्या नाकपट्टीखाली बोट घालून पाहिलं. आत लोकर होती. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि तिथेच खाली बसल्या.

घोडी हौसाकडेच राहिली. त्या दिवसापासून हळूहळू गावातले तरणे लोक हौसाच्या अंगणात येऊ लागले, आपापल्या घोड्याच्या नाकाचं माप दोरीवर घेऊन. वाटसरूही विचारू लागले, घोडं म्होरकीवरचं आहे ना? जाणत्यांची घोडी पाराशेजारी उभी राहून माश्या हाकलू लागली. आणि जाणते? ते पारावर बसून सांगत, "बोरी घोडी मुळातच गरीब होती हो. बाकीच्यांना धाकच लागतो."

थोरल्या काकांनी पुढे नवा घोडा आणायचं ठरवलं. काकू म्हणाल्या, "आणा. पण दाणा तुम्हीच चारा, आणि त्याचं तोंड रोज तुम्हीच उघडून बघा." काकांनी घोडा आणला नाही.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: दुखवल्याशिवाय कोणी ऐकत नाही असं जे सांगतात, त्यांनी न दुखवता सांगून कधी पाहिलेलंच नसतं.