लोण्याची गाय

मुलांनो, अमेरिकेत उन्हाळा सरत आला की राज्याराज्यांतून मोठ्या जत्रा भरतात. माणसांचे बघून तिथल्या एका रानातले प्राणीही आपली जत्रा भरवू लागले. अवाढव्य भोपळ्यांची स्पर्धा होई, डुकरांची शर्यत लागे. एका वर्षी कोल्ह्याने ठरवले, आपण लोण्याची अख्खी गाय घडवायची. त्या रानात एक खरी गायही आपल्या वासराला घेऊन राहत असे.

कोल्हा रोज हंडा घेऊन तिच्या दारात हजर. "गाईताई, हा तुमचाच सन्मान आहे. हात आखडता घेऊ नका," तो म्हणे. भोळी गाय सगळे दूध देऊन टाकी. वासराच्या बरगड्या दिसू लागल्या, तरी एकानेही विचारपूस केली नाही. सांगताना अजून माझे डोके तापते!

जत्रेत बर्फाच्या लाद्यांच्या खोलीत ती पिवळीधमक गाय उभी राहिली. पंच अस्वलाने तिच्या गळ्यात पहिल्या नंबराची निळी फीत बांधली. खऱ्या गाईला मात्र, शेणाचा वास येईल म्हणून, दारातच थांबवले होते. तेवढ्यात भुकेले वासरू आत घुसले आणि लोण्याच्या आचळाला लुचू लागले. दुधाचा थेंबही आला नाही. "हाकला त्याला! माझी गाय बिघडवली!" असे ओरडत कोल्ह्याने त्याला बाहेर ढकलले.

"तुझी गाय?" गाय दारातूनच कडाडली. "मग काढ हिचं दूध आणि पाज माझ्या लेकराला! फीत बांधलीत ना तिला? काढा दूध!" गाय वासराला घेऊन तिथून निघून गेली.

पुढच्या वर्षी गाईला नवे वासरू झाले. कोल्हा पुन्हा हंडा घेऊन आला.

"आधी याचं पोट भरू दे. उरलं तर बघू," गाय म्हणाली.

वासरू पोटभर प्यायले आणि तिथेच झोपले. कोल्हा रिकामा हंडा घेऊन परतला. त्या जत्रेत बर्फाच्या खोलीत लोणी थापायला बांधलेला नुसता काटक्यांचा सांगाडा उभा होता.

तात्पर्य : राबणाऱ्याच्या लेकराला उपाशी ठेवून त्याच्या पुतळ्याला फीत बांधणे हा सन्मान नव्हे, तो निर्लज्जपणा आहे.