तेल पुरेल का?

राजा वीरधवलाला रोषणाईचा भारी षोक. त्याच्या महालात भर दुपारीही समया तेवत आणि नगरातली घरं मात्र तेलावाचून अंधारात बसत.

एकदा दरबारात त्याने वृद्ध दिवाण रंगोपंतांना विचारलं, "राज्यातलं तेल पुरेल का? पुरेल म्हणालात आणि संपलं, तर तुरुंग. पुरणार नाही म्हणालात, तर राज्याच्या बदनामीबद्दल हद्दपारी."

पंत हात जोडून म्हणाले, "महाराज, घाण्यांतून किती तेल निघेल ते मला ठाऊक आहे. आपली हौस कुठे थांबेल, तेवढं सांगा. लगेच उत्तर देतो."

राजा घुटमळला. "ते मलाही ठाऊक नाही."

"मग महाराज, पुरायचं कुठवर, हे बिचाऱ्या तेलाला कसं कळावं?"

राजाने प्रश्न मागे घेतला. पंतांची दिवाणगिरी शाबूत राहिली.