बावन्न पायऱ्यांची बारव

चपला वरच काढा पाहुणे, आणि जपून उतरा. ही आमच्या कळमझिऱ्याची बारव. चार बाजू, प्रत्येक बाजूला तेरा पायऱ्या. समोर दगडात इस्पिक कोरलंय, उजवीकडे बदाम, डावीकडे चौकट, आणि तुम्ही उभे आहात ती बाजू किल्वरची. सगळ्यांत वरची पायरी राजाची, तिच्याखाली राणी, मग गुलाम, मग दश्शीपासून उतरत उतरत पार तळाला एक्का. पाण्याच्या जागी पत्ते कशाला, असं सगळेच विचारतात. मी इथला गुरव, त्यामुळे उत्तर द्यायचं काम माझ्याकडे आलंय.

फार वर्षांपूर्वी इथे सर्जेराव नावाचे जहागीरदार होते म्हणे. माणूस दिलदार, पण पत्त्यांचा नाद असा की ताटावरून उठून डाव मांडतील. कुणा फिरंगी गोलंदाजाकडून त्यांना पत्त्यांचा जोड मिळाला होता. त्या काळी डावात राजा सगळ्यांत मोठा आणि एक्का सगळ्यांत लहान, दुर्रीनेसुद्धा त्याला मारावं असा. पुढे माळावर बारव खणायला घेतली तेव्हा सर्जेरावांनी पाथरवटाला तोच जोड दाखवला आणि पायऱ्या तशाच कोरायला लावल्या.

इथवर ठीक होतं. पण त्यांनी गावालाही पत्त्यांसारखं लावून टाकलं. राजाच्या पायरीवर स्वतः, राणीच्या पायरीवर घरची माणसं, गुलामाच्या पायरीवर वाड्यावरचे नोकर, आणि असं करत करत एक्क्याच्या पायरीवर मोळ्या विकून पोट भरणारी माणसं. ज्याने त्याने आपल्याच पायरीवरून पाणी भरायचं. वर बेलभंडार उचलून शपथ घेतली, "मी स्वतः जरी माझी पायरी सोडली, तर या जहागिरीवर पाणी सोडीन."

बारव भरली आणि खालच्या पायऱ्या बुडाल्या. आता बुडालेल्या पायरीवर उभं कसं राहणार? एक्क्याची माणसं काठावर रिकाम्या घागरी घेऊन बसायची. कुणाला दया आली तर तांब्याभर मिळायचं, नाहीतर कोसभर लांबच्या ओढ्यावर जायचं. त्यांच्यात राही नावाची एक बाई होती. म्हातारी सासू आणि तान्ही लेक घरात, आणि डोळ्यांसमोर पाणी असून हात लावायची सोय नाही. सांगताना आजही माझा जीव कासावीस होतो.

पण बारवेचं पाणी कुणाच्या शपथेला बांधलेलं नसतं. पुढच्या उन्हाळ्यात ते खाली खाली गेलं. राजाची पायरी कोरडी पडली, मग राणीची, मग गुलामाची. वाड्यातला आड आटला. शेवटी पाणी उरलं ते फक्त एक्क्याच्या पायरीला लागून, आणि सर्जेराव सगळ्यांत वर, ओठ सुकलेले, शपथेत अडकलेले. पत्त्यांत वरचा मोठा असतो, बारवेत वरचा पाण्यापासून लांब असतो, एवढं साधं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

राहीची सासू म्हणाली, "ऱ्हाऊ दे त्यास्नी वरच. वरीसभर आपण ऱ्हायलो तसं."

राही म्हणाली, "आत्याबाई, तहान कशी असती ते आपल्याला ठावं हाय. म्हणून तर देयाचं."

तिने घागर भरून दुर्रीवाल्याच्या हातात दिली. त्याने तिर्रीवाल्याकडे दिली. घागर हातोहात वर निघाली. मधे कुणीही घोट घेतला नाही म्हणे, कारण वर काय होतंय ते बघायची सगळ्यांनाच घाई. सर्जेराव पोटभर प्यायले. मग त्यांनी राहीला वर बोलावलं.

तिने खालूनच सांगितलं, "कशी येऊ सरकार? पायरी वलांडायची न्हाई, तुमचाच नेम हाय."

सर्जेराव खो खो हसले. पागोटं काखेत मारलं आणि स्वतःच उतरायला लागले. बारा पायऱ्या उतरून एक्क्यावर आले, गुडघाभर पाण्यात उभे राहिले, आणि ओंजळीने पाणी सोडून जहागीर गावाच्या नावाने केली. शपथ होती, ती पाळली. त्याच संध्याकाळी त्या पायरीवर डाव मांडला. त्यांच्या राजावर राहीने एक्का टाकला आणि गावाने एका सुरात सांगितलं की एक्क्याने राजा मारला. पुस्तकं वाचलेले पाहुणे म्हणतात की एक्का मोठा झाला तो दूर कुठेतरी परदेशात. झाला असेल तिकडेही.

आजही अक्षय्य तृतीयेला आम्ही इथे कॅट पिसतो आणि आल्यागेल्या प्रत्येकाला एक पत्ता देतो. एक्का येईल त्याने घागरी भरायच्या आणि पहिलं पाणी प्यायचं. जोकर पोरांना, त्यांनी कुठेही उड्या माराव्यात. राजा येईल त्याने वर जाऊन उभं राहायचं आणि शेवटी प्यायचं. गेल्या साली आमदारसाहेबांना इस्पिकचा राजा आला, चांगले तासभर उन्हात होते.

आज तोच दिवस आहे, तेव्हा ओढा एक पत्ता. बघू. बदामचा राजा? मग चढा वर पाहुणे, आणि निवांत उभे राहा. घागर येईल. आजवर इथे वरचा कुणी तहानलेला परत गेला नाही.