कोऱ्या दगडाला ओ

दगडाला टेकू नका, मंडळी. बसायला पलीकडं पार आहे. हा वीरगळ आहे, आमच्या दहिगणे गावच्या रायाजीचा. आत्ता तो मोटारसायकलवाला गाडी हळू करून "ओ!" म्हणाला आणि गेला, तेव्हा तुम्ही एकमेकांकडं बघून हसलात. हसा, हसा. पहिल्यांदा सगळेच हसतात. इथं कुणी हाक मारलेली नसते, तरी या खिंडीतून जाणारा माणूस ओ देतो. एसटीचा ड्रायव्हरसुद्धा ओठातल्या ओठात देतो.

आता दगड नीट बघा. तीन कप्पे आहेत. वरच्यात वीर महादेवाची पूजा करतोय. मधल्यात अप्सरा त्याला हाताला धरून स्वर्गात नेतायत. आणि खालचा, जिथं लढाई असायला हवी, तो कोरा. कुणी म्हणतं झिजला असेल. वा रे झिजणं! अप्सरेच्या पायातला तोडा शाबूत राहिला आणि अख्खी लढाई तेवढी झिजली? तो कप्पा कधी कोरलाच नाही. का, ते ऐका.

फार जुनी गोष्ट. परमुलखाची फौज खालून चढून आली, असं सांगतात. गावातली बायकापोरं आणि गुरं वरच्या रानात पोचेपर्यंत ही खिंड धरून ठेवायची, असं ठरलं. किती माणसं होती यावरही वाद आहेत. थोडी होती, एवढं खरं. दिवस कलला तसं वरून शिंग वाजलं. सगळी पोचली, आता माघारी फिरा, आणि मागं वळून बघू नका, असा त्याचा अर्थ. माणसं फिरली. रायाजी तेवढा त्या खालच्या ओघळीत पडला होता. तो काही आला नाही.

परतलेल्यांत एक सुभानजी होता. रायाजीचा जोडीदार, एका तालमीत वाढलेला. रायाजीची बायको चिमाई, तिला बातमी त्यानंच सांगितली. "वहिनी, भाला छातीत बसला. जागच्या जागी गेला. तोंडातून शब्द निघाला नाही त्याच्या."

चिमाईनं ऐकून घेतलं, कुंकू पुसलं, आणि पाठीशी पोर बांधून शेताला लागली.

पण शब्द निघाला होता. सुभानजीनं तो ऐकला होता. "सुभाना, पाणी!" अशी हाक ओघळीतून स्पष्ट आली होती. पाण्याचा भोपळा त्याच्या कमरेला होता, निम्मा भरलेला. आणि तो वळला नाही. हुकूम होता म्हणून वळला नाही की जिवाला भ्याला म्हणून, हे त्याचं त्यालाही कधी सांगता आलं नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, तसं त्याचं झालं. जेवायला बसला की हाक, पेरायला गेला की हाक. दुसऱ्या दिवसापासून त्यानं एक धरलं. रोज सकाळी ओढ्यावरून घागर भरायची आणि चिमाईच्या दारात नेऊन ठेवायची. मिशीवाला गडी खांद्यावर घागर घेऊन चाललाय म्हटल्यावर बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. हसू देत. एक दिवस चुकला नाही म्हणे.

अशी चाळीसेक वर्षं गेली. पोर कर्तं झालं, त्यानं बापाचा दगड उभा करायचं मनावर घेतलं आणि पाथरवट आणला. कान्हू त्याचं नाव. वरचे दोन कप्पे त्यानं कुणालाही न विचारता कोरले. स्वर्गात काय होतं ते सगळ्या पाथरवटांना पाठ असतं. खाली काय झालं ते मात्र विचारावं लागतं. त्या दिवसाची तीनच माणसं तेव्हा हयात होती. सुभानजी, गोंदजी आणि परसोजी. तिघांना या पारावर बसवून कान्हू म्हणाला, "सांगा आता, कसं काय झालं?"

परसोजी म्हणाला, धुकं असं होतं की भाल्याचं टोक दिसत नव्हतं. गोंदजी उसळला, "कसलं धुकं रे? ऊन होतं, चांगलं डोळ्यांवर येत होतं!" एकाच्या मते पुढचा घोडा पांढरा, दुसऱ्याच्या मते गनिमाकडं घोडाच नव्हता. सुभानजीला जळक्या गवताचा वास आठवत होता, तर बाकीचे दोघं म्हणाले, गवत पेटलंच नव्हतं. कान्हूनं छिन्नी खाली ठेवली. "आजोबा, तुम्ही तिघं एकाच लढाईत होता ना?"

लोक हसले. सुभानजी हसला नाही. आता दगडावर खोटं चढणार, आणि आपण गेल्यावरही ते राहणार, हे त्याला सोसवेना. तो उठला आणि सगळ्यांसमोर बोलून गेला. "धुकं कोरा नाहीतर ऊन कोरा. पण रायाजी जागच्या जागी गेला नाही. त्यानं मला हाक मारली, सुभाना पाणी म्हणून. माझ्याजवळ पाणी होतं, आणि मी गेलो नाही."

मग गोंदजी काठी टेकत उभा राहिला. "गप बस. तुला कुठली हाक? तू तर कधीच वर पोचला होतास. हाक मला मारली त्यानं. गोंदा म्हणाला, गोंदा. आजही कानात आहे माझ्या."

परसोजी तर रडायलाच लागला. "तुम्ही दोघं नव्हताच रे तिथं. सगळ्यात मागं मी होतो. परसा, मला टाकून जाऊ नकोस, असं म्हणाला तो मला."

पुण्यासाठी भांडणारी माणसं गावानं पुष्कळ बघितली होती. पापासाठी भांडणारी ही पहिलीच. सत्तरीच्या घरातले तीन म्हातारे हमरीतुमरीवर आले, एकमेकांच्या गळपट्ट्या धरल्या. हाक माझी, तुझी नव्हे! सुभानजीनं मात्र हात सोडला. चाळीस वर्षं जे एकट्याचं म्हणून वाहिलं, ते हे दोघंही वाहत होते. मग आपण ऐकलं ते काय?

कान्हू म्हणाला, "हाक काही दगडात कोरता येत नाही. पण ज्याला मारली तो माणूस शेजारी कोरता येतो. एक नाव ठरवा."

चिमाई कान्हूसाठी ताक घेऊन आली होती. केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. तिनं गाडगं खाली ठेवलं.

"म्हणजे तो बोलला होता," ती म्हणाली.

मग ती तिघांकडं वळली.

"चारचौघांत त्यानं माझं नाव कधी घेतलं नाही. अगं-तुगं करायचा. मरताना माणूस लाज धरत नाही. तुम्ही तिघं तिथं होता, आणि तिघांनाही आपापलंच नाव ऐकू आलं. माझं नाव एकाच्याही कानावर पडलं नाही, व्हय?"

एवढं बोलून ती घरी गेली. ताक तसंच राहिलं.

पुढं काय झालं ते ऐका. महिना गेला नसेल, गोंदजी तिच्या दारात. "वहिनी, नीट आठवलं. चिमे, असंच म्हणाला होता तो." चार दिवसांनी परसोजी आला, त्याचंही तेच. शपथा घेतल्या, बेल-भंडारा उचलला. खोटं बोलत नव्हते हो ते! त्यांना खरंच तसं ऐकू यायला लागलं होतं.

आणि सुभानजी? तो रोज घागर ठेवून खाली मान घालून परत जायचा. त्याच्याही कानातली हाक बदलली होती. "चिमे, पाणी!" आवाज रायाजीचाच. पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणूनच तो घाबरला.

चिमाईनं अंथरूण धरलं तेव्हा तिनं त्याला आत बोलावलं. पोरगा उंबऱ्यात होता, त्यानंच पुढं हे सांगितलं म्हणतात.

"भावजी, ते दोघं सांगून गेले. तुम्ही नाही आलात. तुम्हांला नाही ऐकू येत?"

"येतं, वहिनी. आता मलाही तुमचंच नाव ऐकू येतं. पण तुम्ही विचारलंत त्यानंतर यायला लागलं. आधी माझं होतं. त्याच्याही आधी काय होतं, देव जाणे."

"शपथ घ्याल?"

एक हो म्हणायचं होतं. मरणाऱ्या बाईला सुख झालं असतं, त्याचीही सुटका झाली असती. सुभानजी म्हणाला, "नाही. एकदा तुम्हांला खोटं सांगितलं. आता खरं सांगावं म्हटलं, तर ते माझ्याकडं राहिलेलंच नाही."

चिमाई म्हणाली, "मग कान्हूला सांगा, तो कप्पा कोरू नको. माझं नाव असलं तरी खोटं नको." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि उद्यापासून पाणी आणू नका. इतकी वर्षं मला वाटायचं, ते माझ्यासाठी आणता."

ती गेली. कप्पा कोरा ठेवून कान्हूनं हत्यारं गुंडाळली. सुभानजी काठी टेकत एकटा इथवर आला, ओघळीकडं तोंड केलं, आणि जी ओ त्या दिवशी द्यायची राहिली ती त्यानं दिली. मरेपर्यंत रोज येऊन देत होता म्हणे. मागून जाणारे-येणारेही देऊ लागले.

आजही खिंडीतून जाणारे पुरुष ओ देतात. फौजेतून पेन्शनीवर आलेले आमच्या गावचे जवान तर गाडीतून उतरून देतात. हाक कुणाची, हे त्यांना कुणी विचारत नाही. देतात आणि आपल्या वाटेनं जातात. बाया मात्र ओ देत नाहीत. त्या डोक्यावरचं ओझं उतरवतात, या कोऱ्या कप्प्यापुढं जरा वेळ उभ्या राहतात, आणि ऐकतात.