आधी ओ, मग दिवा

लक्ष्मीपूजनाच्या तिन्हीसांजेला आडबंदरात पहिल्यांदा येणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. अंगणं सारवलेली, रांगोळ्या घातलेल्या, उंबऱ्याउंबऱ्यावर तेलाने भरलेली पणती. पण पेटलेली एकही नाही. पाहुण्याने विचारलंच, तर म्हातारे जनू तांडेल त्याला खाडीच्या तोंडाशी, खडकातल्या काजळलेल्या कोनाड्यापाशी नेतात आणि सांगतात ते असं.

काड्यापेट्या नव्हत्या तेव्हाची गोष्ट. या खडकामागच्या घरात आवडी नावाची नवी सून आली होती. भारी भित्री, माडाची झावळी पडली तरी तिचा हात छातीवर जायचा. घरात ती आणि नवरा लवू, दोघंच. लवू होडीवाला. सणाचा बाजार करायला गेलेला, अवसेच्या रात्री भरतीबरोबर परतणार होता. भरती लागली की तोंडाशी असलेले खडक अर्धे बुडतात, अंधारात दिसत नाहीत. गावातले दिवे वळणाआड राहतात. आत येणाऱ्याला आधार या कोनाड्यातल्या एका दिव्याचा, आणि तो लावायचं काम आवडीच्या घराकडे.

त्या साली गावात संशय शिरला होता. गुरं मेली, जाळी रिकामी आली, तेव्हा लोक म्हणू लागले, लक्ष्मीची थोरली बहीण अक्काबाई गावात हिंडते आहे. ती म्हणे ओळखीच्या बाईच्या आवाजात हाक मारते, विस्तव मागते आणि ओ देणाऱ्याच्या घरात शिरते. बोट दाखवायला माणूसही मिळालं. तरीपलीकडे, होडी लागते त्या उतारापलीकडे, एकटी राहणारी भिकाय. नवरा आणि मुलगा दर्याने नेलेले. आणखी काय पुरावा पाहिजे?

त्या अवसेच्या दुपारी भिकायने दारात हाक मारली, “आवडे, आहेस गो घरात?”

आवडी कोठीआड श्वास धरून बसली. ओ दिली नाही. पावलं गेल्यावर बाहेर येऊन बघते तर उंबऱ्यावर वळलेल्या वातींची जुडी. तिने ती काठीने अंगणात ढकलली आणि विहिरीवर गेली.

दिवस कलला. दिव्यासाठी निखारा काढायला तिने चुलीतली राख उकरली, आणि हात जागीच थांबला. राख ओली होती. सकाळी तिने स्वतः निखारे राखेत पुरले होते. पाणी कोणी घातलं? मी विहिरीवर असताना मागल्या दाराने कोण आलं? तिच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा आला. चकमक लवूच्या कनवटीला, आणि खाली खाडीत भरतीचा आवाज सुरू झालेला.

पणती घेऊन ती गावात धावली. पहिल्याच अंगणात दिवा तेवत होता. “काकी, मी आवडी. निखारा द्या गो, खडकावर दिवा नाही!”

आत कुजबुज झाली. “आवाज तिचाच वाटतो.”

“तोच तर डाव! पाय बघ आधी. उलटे असतील.”

“तूच बघ. मी नाय बघणार.”

दाराआडून हात आला आणि उंबऱ्यावरची पणती आत घेऊन गेला. लक्ष्मी यावी म्हणून सताड उघडं ठेवलेलं दार लागलं. पुढच्या घरीही तेच. ती हाक मारी आणि दिवा आत जाई. शेवटी सगळी वाट अंधारली, आणि आवडीला आपल्याच पायांकडे बघायची भीती वाटू लागली.

ती घरी परतली, पुन्हा चुलीपाशी वाकली. मानेवर गार थेंब पडला. ती किंचाळलीच. मग वर हात नेला. दांडीवर दुपारी विहिरीवर धुतलेलं लुगडं होतं, तिनेच टाकलेलं, नीट न पिळलेलं. थेंब थेंब चुलीत गळत होतं.

म्हणजे कोणीच आलं नव्हतं.

अंगणात चाचपडून तिने वातींची जुडी उचलली. गावात एकच दार उरलं होतं. खाडीवरून दूर वल्ह्यांचा आवाज येत होता. ती तरीपलीकडे धावली. त्या झोपडीत पूजेचा दिवाही दिसेना. दुपारी आपण ओ दिली नाही. आता हिने का द्यावी? तिने पणती घट्ट धरली आणि हाक मारली.

लवूची होडी त्या रात्री सुखरूप आत आली, असं सांगतात. आजही आडबंदरात उंबऱ्यावरची पणती घरच्या विस्तवाने पेटत नाही. पहिली ज्योत तरीपलीकडच्या घरातून निघते. मग प्रत्येक बाईने शेजारणीला हाक मारायची आणि शेजारणीने कोण, कशाला न विचारता पहिल्याच हाकेला ओ द्यायची. पेटवलेली शेवटची पणती या कोनाड्यात येते.

तांडेल एवढं सांगतात आणि पाहुण्याला गोष्टीतल्या भिकायच्या अंगणात पुन्हा उभं करतात. दार बंद. अंधार. आवडीने दुसऱ्यांदा हाक मारली, आवाज फाटला. “काकी! मी आवडी! दुपारी मी घरातच होते गो!”

 आत फुंकणीचा आवाज झाला, फटीतून तांबडा उजेड सरकला.

“ओ गो! वायच थांब, येतंय. वात पुढं धर.”