नॉर्मल रिपोर्टची सही

विमा कंपनीचे तपासनीस निंबकर साहेब हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात शिरले, की तिथे बिलं तयार करणाऱ्या शालनताईंना धसकाच बसायचा. आज तर त्यांनी चोवीस तासांच्या हृदयतपासणीचं एक बिल टेबलावर आपटलंच.

"रिपोर्ट नॉर्मल! म्हणजे तपासणी विनाकारण केली. 'छातीत धडधड' हे कारण तुम्ही खोटं लिहिलंत. नोकरी जाईल, बाई!"

शालनताईंनी बाहेर बसलेल्या पेशंटांची यादी पुढे सरकवली.

"साहेब, या पाचजणांनाही धडधडतंय. ज्यांचा रिपोर्ट नॉर्मल येणार, त्यांच्या नावापुढे आत्ताच सही करा. मशीन न लावताच घरी पाठवते त्यांना."

साहेबांचं पेन पहिल्या नावावर घुटमळलं, दुसऱ्यावर घुटमळलं आणि शेवटी त्या आपटलेल्या बिलावर 'मंजूर' लिहून गेलं.