सैल बांगड्या

सोनवळ नावाच्या एका गावात रंगराव नावाचा पाटील होता, आणि वर्षातून दोनदा त्या गावी येणारा नारोबा नावाचा एक कासार होता. गोष्ट खरे तर पाटलाची आहे. पण कासार नसता तर ती पाटलाच्या चांगलीच अंगाशी आली असती, म्हणून दोघांची नावे आधीच सांगून ठेवली.

एका वर्षी त्या मुलखात तापाची साथ आली. एक जण खोकला की शेजारचा अंथरुणाला खिळायचा. रंगरावाने कंबर कसली. गावाची वेस बंद केली. कुणी कुणाचा उंबरठा ओलांडायचा नाही, हात धुतल्याशिवाय घागरीला शिवायचे नाही, ताप आला तर लपवायचा नाही, असे नियम केले. राजाने पाठवलेल्या वैद्याला घेऊन तो रोज अंगणाअंगणातून चौकशी करत फिरला. ज्यांच्या घरचे धान्य संपले, त्यांच्या ओट्यावर धान्य ठेवून आला. आठ महिने त्याने जिवाचे रान केले. आसपासच्या गावांत घरेच्या घरे ओस पडली. सोनवळमध्ये अकरा माणसे गेली आणि बाकीचा गाव वाचला. हे श्रेय पाटलाचेच आहे आणि ते त्याला द्यायलाच हवे.

मग चाळीस दिवस गावात एकालाही ताप आला नाही. पाटलाने वेस उघडली आणि दवंडी पिटवली, "गाव बरं झालं! आता साथीचं नाव कुणी काढायचं नाही. गेलेल्यांसाठी रडत बसायचं नाही. रडाल तर रोगाला परत आवतण द्याल!" हे शेवटचे त्याला कुणी सांगितले होते कोण जाणे. पाटील मनाने चांगला, पण एकदा बोलला की बोलला. गावाने मान डोलावली आणि दारे लावून घेतली.

राजाची अशी रीत होती, की चाळीस दिवस ताप नसलेल्या गावी त्याचा कारभारी येई. गाव निरोगी असल्याचे तो लिहून घेई, पाटलाच्या डोक्यावर मानाची पगडी ठेवी आणि वैद्याला पुढच्या गावी घेऊन जाई. सोनवळलाही निरोप आला. रंगरावाने सकाळीच आरसा पुसून ठेवला.

त्याच सकाळी नारोबा कासार गावात आला. नारोबाची एक खोड होती. तो कधी हाताचे माप घेत नसे. गावातल्या प्रत्येक बाईचे माप त्याला तोंडपाठ होते आणि त्याची त्याला भारी घमेंड होती. या खेपेलाही त्याने जिच्या तिच्या मापाच्या बांगड्या माळांत ओवून आणल्या होत्या. देवळापुढच्या पारावर त्याने बैठक मांडली. बायका एकेक करून आल्या, हात पुढे केला आणि दुसरीकडे बघत बसल्या. एरवी बांगड्या भरताना हसण्याखिदळण्याने त्याचे कान किटायचे. आज कुणी भावसुद्धा पाडून मागितला नाही.

पहिल्या बाईला बांगडी चढवताना नारोबाने सवयीने तिचा अंगठा आत दाबला. गरजच नव्हती. बांगडी सरळ कोपरापर्यंत गेली. नारोबाला वाटले, आपलेच माप चुकले. दुसरीचेही तसेच झाले. तिसरीचेही तसेच. दुपार व्हायच्या आत लहान मुलींसाठी आणलेल्या बांगड्या संपत आल्या, आणि मोठ्या होत्या तशाच राहिल्या. एकीच्या मापात चूक होईल, साऱ्या गावाच्या कशी होईल?  नारोबाने माळा गोळा केल्या आणि तडक पाटलाचे घर गाठले.

"पाटील, गाव बरं नाही."

"ताप कुणाला आहे?"

"ताप नाही. पण बाया जेवत नाहीत. त्यांचे हात सांगतात."

पाटील हसला. "तू कासार आहेस की वैद्य? घटकाभरात कारभारी येतोय. आजच्या दिवशी अपशकुन करू नकोस."

दुसरा कुणी असता तर आपल्या वाटेने गेला असता. लहान बांगड्या तर खपल्याच होत्या. पण नारोबा पायरीवरच उभा राहिला. "जातो मी. फक्त पाटलीणबाईंना एकदा हात पुढं करायला सांगा."

पाटलाची बायको गोदाक्का. तिच्यासारखा भरदार हात पंचक्रोशीत नव्हता. तिला बांगड्या भरायच्या म्हणजे नारोबाला घाम फुटायचा. ती दारात आली आणि तिने पदराखालचा हात बाहेर काढला. नारोबाने माळेतली उरलेली एक बांगडी घेतली, दहा वर्षांच्या मुलीच्या मापाची. ती गोदाक्काच्या हातात अलगद गेली.

रंगराव बघतच राहिला. त्याच हाताने वाढलेले तो रोज जेवत होता.

"अक्का, जेवता ना?" नारोबाने विचारले.

"ताट घेते. बसते. मग उठते."

"कधीपासून?"

गोदाक्का नारोबाशी बोलत होती, पण बघत नवऱ्याकडे होती. "धाकटी चंद्रा गेली तेव्हापासून. चार घरांपलीकडं माझी बहीण गेली आणि मी ओसरीवरून बघत राहिले. उंबरठा ओलांडायचा नाही हा यांचा नियम बरोबरच होता. मी तो मोडला नाही. पण मग यांनी सांगितलं, रडायचंही नाही. गाव बरं झालं म्हणून दवंडी पिटली. सारं गाव बरं झालं, तर मी एकटीच आजारी आहे हे कुठल्या तोंडानं सांगू? कधी कधी वाटतं, चंद्राच्या जागी मीच गेले असते तर सुटले असते."

 पाटलाने मान खाली घातली, तर स्वतःचेच मनगट दिसले. हातातल्या चांदीच्या कड्याला आतून दोरा गुंडाळलेला होता. कडे गळून पडू नये म्हणून महिन्यापूर्वी त्यानेच तो गुंडाळला होता. असा दोरा का गुंडाळावा लागतोय, हे मात्र त्याने स्वतःला विचारले नव्हते. तो बायकोशेजारी दारातच बसला. तिचा हात हातात घेतला आणि लहान मुलासारखा रडला. गोदाक्काही रडली, कितीतरी महिन्यांनी.

तेवढ्यात घोड्यांच्या टापा वाजल्या. कारभारी आला. त्याच्या माणसाने कागद पसरला, दुसऱ्याने पगडीवरचे रेशमी फडके काढले.

"लिहू ना मग? गाव निरोगी?"

अंगणात गाव जमला होता. हो म्हटले की पगडी डोक्यावर. नाही म्हटले की आठ महिन्यांच्या कष्टांवर पाणी, वर चार गावांत हसे. पाटलाने पगडीकडे एकदा डोळे भरून पाहून घेतले. खोटे कशाला बोला, त्याला ती फार हवी होती.

"नका लिहू, सरकार," तो म्हणाला. "ताप गेलाय, पण गाव बरं नाही. माझंच घर बरं नाही, हे या कासारानं दाखवून दिलं. वैद्यबुवांना नेऊ नका."

वैद्याने खाली बघत म्हटले, "चूक माझीही आहे. मी सगळ्यांच्या कपाळाला हात लावला. कसं वाटतंय, हे एकालाही विचारलं नाही."

 कारभाऱ्याने कागद गुंडाळला. "चार महिन्यांनी येतो," एवढेच म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी गावात पुन्हा दवंडी पिटली. "ज्याला रडायचंय त्यानं रडावं! ज्याला झोप लागत नाही, जेवण जात नाही, जीव नकोसा वाटतो, त्यानं ताप आल्यासारखंच येऊन सांगावं! त्यात कसली लाज नाही!" संध्याकाळी पारावर सगळे जमले. पाटलाने गेलेल्या अकरा जणांची नावे घेतली. चंद्राचे नाव घेताना त्याला रडू फुटले आणि ते बघून गावाला धीर आला. त्या दिवशी सोनवळ मोकळेपणी रडले. रोग काही परत आला नाही.

सगळे एका दिवसात बरे झाले, असे समजू नका. वैद्याने काहींना झोपेचा काढा दिला. काहींना औषधाची गरज नव्हती, तासभर ऐकून घेणारे माणूस हवे होते. शेजारच्या दोन-दोन घरांनी एकत्र जेवायला सुरुवात केली. हात मात्र पहिल्यासारखेच धुवून. भिकोबा सुतार दार उघडायलाच तयार नव्हता. त्याचा तरणा मुलगा साथीत गेला होता. गोदाक्का रोज भाकरी घेऊन त्याच्या ओट्यावर जाऊन बसायची. तो आतून म्हणायचा, "जा." ती म्हणायची, "जाते हो, जरा पाय दुखतायत." अठराव्या दिवशी भिकोबाने दार उघडले. भाकरी अर्धीच खाल्ली, पण तिच्यासमोर बसून खाल्ली.

चार महिन्यांनी कारभारी आला. त्याने या वेळी ताप आहे का, हे विचारले आणि माणसे जेवतात का, झोपतात का, हेही विचारले. पाटलाने लपवाछपवी केली नाही. "तीन घरं अजून सावरायची आहेत. पण तिथं रोज कुणी ना कुणी जातं."

कारभाऱ्याने कागदावर लिहिले आणि पगडी पाटलाच्या डोक्यावर ठेवली. काम झाले होते. तरी तो घोड्यावर बसेना. अंगणातच घुटमळत राहिला.

"पाटील, तो कासार हल्ली कुठं असतो?"

"का हो सरकार?"

"माझी लेक आहे घरी. साथीत तिची आई गेली, तेव्हापासून खोलीबाहेर येत नाही. मी बावीस गावांना निरोगी म्हणून लिहून दिलं, पाटील. माझ्याच घरात काय बोलावं, ते मला कळत नाही." एवढे बोलून तो उगाचच घोड्याचा लगाम नीट करू लागला.

गोदाक्का दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "कासार कशाला? थांबा जरा, भाकऱ्या बांधून घेते. मीच येते."

तात्पर्य: अंगातला ताप उतरला म्हणजे माणूस बरा झाला असे नाही. मनाचे दुखणे हेही दुखणेच असते. ते आपण होऊन विचारावे, न लाजता सांगावे, आणि त्यात कुणालाही एकटे सोडू नये.